एकाच गाण्यात अडकलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. रंगाने लाल, कडांना टवके उडालेली. माझं सारं आयुष्य इंग्लंडमधल्या शेफील्डच्या धुरात गेलं.

क्लिफर्ड ऑगडनने मला घरी आणलं ते १९६३ साली. तेव्हा तो कारखान्यात सुऱ्यांना धार लावायचा. घरी आला की हात न धुताच मला उचलायचा. अमेरिकेहून आलेल्या रेकॉर्ड ऐकून तो त्यांची नक्कल करायचा. नक्कल काही केल्या जमायची नाही. पण तीन वर्षांनी त्या न जमलेल्या नकलेतूनच एक गाणं जन्माला आलं, 'धुराड्याखाली'. ते देशभर गाजलं. क्लिफने कारखाना सोडला. लोक मला हात लावायला धडपडू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

पण त्या गाण्यातच आम्ही दोघं अडकलो.

नऊ वर्षं, प्रत्येक गावात, तेच अकरा सूर. माझ्या मानेवर एकाच जागी खाच पडली. डॉनकास्टरला क्लिफने एकदा नवीन गाणं सुरू केलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, "ए क्लिफ, धुराडं पेटव की!" सभागृह हसलं. त्याने नवं गाणं अर्ध्यावर सोडलं आणि जुनं सुरू केलं. त्याची बोटं बर्फासारखी गार पडली होती. ते फक्त मला कळलं.

मग स्कारबरोचा कार्यक्रम आला. आमच्याआधी नॉर्मा टॅटर्सल नावाची विशीतली मुलगी वाजवणार होती. दुपारी तिची तालीम चालली होती. क्लिफ मला घेऊन दारातून आत आला आणि जागीच थांबला. ती 'धुराड्याखाली'च वाजवत होती, पण किती संथ, किती खालच्या सुरात!

"थांब, थांब!" क्लिफ मंचावर चढला. "असं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की."

"मी? मी कधी असं प्रेतयात्रेला निघाल्यासारखं वाजवलं?"

नॉर्मा मुळीच लाजली नाही. "आमचा रेकॉर्ड प्लेअर मरतुकडा होता हो. पट्टा सैल, रडत रडत फिरायचा. तुमचं गाणं मी असंच ऐकलं. मग तारा ढिल्या करत करत त्या सुरावर आणल्या. बाबा म्हणायचे, या माणसाला कुणीतरी खोकल्याचं औषध द्या."

सगळे हसले. क्लिफ हसला नाही. तो कार्यक्रम त्याने कसाबसा उरकला, आणि घरी येताच मला पेटीत घालून कपाटात टाकलं. कुलूप फिरल्याचा आवाज मी ऐकला.

चौदा महिने मी तिथे होते. लोकरी कोट, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि काळोख. दारापलीकडून त्याची बायको एडना करवादायची, "बाहेर काढ तिला, नाहीतर देऊन टाक कुणाला. असा तोंड पाडून बसू नकोस."

एकदा त्याचं उत्तर ऐकू आलं. "एडना, त्या पोरीने माझंच गाणं वाजवलं. आणि ते माझ्यापेक्षा बरं होतं गं."

पुढे एका रविवारी कुलूप निघालं. क्लिफ मला घेऊन बसने रॉदरहॅमला नॉर्माच्या घरी गेला.

"दाखव मला," तो म्हणाला.

"शिकायला आलात की भांडायला?"

"भांडायचं असतं तर बायकोला आणलं असतं."

नॉर्माने माझ्या तारा सैल करायला घेतल्या. मी घाबरले. मला वाटायचं, तो एक चढा आवाजच माझ्याकडे आहे. तोही गेला तर मी उरणार काय? मग तिने तार छेडली, आणि माझ्या पोटातून असा काही आवाज निघाला की तो माझाच आहे हे मला पटेना. क्लिफने डोळे मिटले.

"आता माझी पाळी," नॉर्मा म्हणाली. "तुमच्या गाण्यातला तो उजव्या हाताचा झटका कसा देता? रेकॉर्डवर हात दिसत नाही ना."

त्या वर्षी क्लिफने त्याच ढिल्या तारांवर सात नवी गाणी केली. ऐकायला पूर्वीच्या निम्मेही लोक येत नसत. कुणी 'धुराडं' म्हणून ओरडलं, की तो हसून सांगायचा, "आज राहू दे बाबा. आज हे ऐक." मँचेस्टरची काही मुलं मात्र ती गाणी ऐकून आपल्या तारा ढिल्या करू लागली. नॉर्मा तोवर संथपणा सोडून, तो झटका घेऊन भलत्याच वेगाने पुढे निघून गेली होती. तिची नवी रेकॉर्ड आली की क्लिफ मला मांडीवर घेऊन ती ऐकायचा आणि पुटपुटायचा, "हे कसं केलं या पोरीने?"

क्लिफ गेला. घरच्यांनी मला मोठ्या मानाने संग्रहालयात दिलं. आता मी काचेच्या पेटीत उभी असते. खालच्या पाटीवर एवढंच लिहिलंय, 'याच गिटारवर धुराड्याखाली वाजलं.' त्या सात गाण्यांचं नाव नाही.

मागच्या वर्षी पांढऱ्या केसांची नॉर्मा आली. रखवालदाराला म्हणाली, "पाच मिनिटं काढा हो तिला बाहेर."

"नियमात बसत नाही, बाई."

ती बराच वेळ काचेवर तळवा टेकून उभी राहिली, मग गेली.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची बाजाची पेटी, सतार, बासरी माळ्यावर पडली असेल, तर ती आजच खाली काढा. धूळ पुसा आणि शेजारच्या एखाद्या मुलीच्या हातात द्या. ती तुमच्यासारखं वाजवणार नाही. तिला थांबवू नका.