चार दिवस आराम

हेमाने मिक्सर गुडघ्याने आत रेटला आणि व्हॅनचं दार कसंबसं लावलं. आत झोपायच्या दोन गाद्या होत्या, आणि त्यांच्यावर कुकर, पोळपाट-लाटणं, तवा, मसाल्याचा डबा, तुपाची बरणी, चहाची पातेली. वारज्याचं अख्खं स्वयंपाकघर गाडीत चढलं होतं.

आईची साठी झाली म्हणून अपूर्वाने ही गाडी चार दिवसांसाठी भाड्याने घेऊन दिली होती. "आई, तू नुसती लोळ," असं म्हणाली होती लेक. हेमा महिनाभर त्या एका वाक्यावर तग धरून होती. सासूबाईंच्या आजारपणात तिचं कंबरडं पार मोडलं होतं.

"अहो, एवढं सगळं कशाला?"

"अगं, तुला बाहेरचं सोसत नाही ना!" दत्तप्रसाद आरसा पुसत म्हणाले.

बाहेरचं सोसत नव्हतं ते त्यांना. लग्नानंतर एकदा सारसबागेतली भेळ बाधली, आणि तेव्हापासून त्या घरात कोणालाच बाहेरचं सोसेनासं झालं. हेमाला विचारतंय कोण! पण वाद घालायचंही त्राण नव्हतं. ती पुढे जाऊन बसली.

कात्रजला त्यांनी गाडी कडेला घेतली. समोरच्या टपरीवर आल्याचा चहा उकळत होता.

"चहा टाकतेस? आणि जमलं तर थोडा उपमा. बघ, घरच्यासारखं सगळं आहे. कुठे अडायला नको."

ते मनापासून खूश होते. हे सगळं आपण बायकोसाठीच केलं, अशी त्यांची खात्री होती. त्याचंच हेमाला रडू आलं.

ती मागे गेली, वाकून पातेलं काढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. कुकर इथे. तवा इथे. साखर, चहा, रवा, सगळं इथे. घरी मग राहिलं काय?

ती खाली उतरली आणि पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"धरा. तुम्ही या जाऊन."

"म्हणजे? आणि तू?"

"मी आराम करते."

"अगं, पण मी एकटा काय करू?"

"सगळं आहे की आत. कुठे अडायचं नाही तुमचं."

तिने पर्स उचलली आणि रिक्षाला हात केला. दत्तप्रसाद हाका मारत राहिले. तिला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रिक्षा थांबवावी इतकं नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. ओटा रिकामा होता, मांडणी रिकामी होती. पंखा लावून तिने पलंगावर अंग टाकलं आणि आडव्यानेच कोपऱ्यावरच्या हॉटेलात फोन लावला.

"एक मिसळ आणि एक चहा पाठवा. हो, वरच आणून द्या. आणि हे बघा, ताटली, चमचा, कप सगळं तुमचंच पाठवा. माझ्याकडे काही म्हणजे काही नाही."