पहाटेचा शेला

चिखलोलीच्या नव्या बिल्डिंगीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, एक शेला वाळत होता. पसरला तर पोळीएवढा, गुंडाळला तर मुठीत मावेल एवढा. कपड्यांचे चिमटे त्याला जड झाले असते, म्हणून हर्षदानं तो टाचण्यांनीच दोरीला टोचला होता. बाजूला नवऱ्याची, चेतनची, कंपनीतली निळी पँट लोंबत होती. तिच्याशेजारी शेला म्हणजे हत्तीशेजारी फुलपाखरू.

हा शेला होता एका फूटभर उंचीच्या बाहुल्याचा. बाहुला म्हटलेलं मात्र त्याच्या मालकाला चालत नसे. उल्हासनगरचे कमलेश रोहरा म्हणजे कापडाचे व्यापारी, आणि घरात काचेच्या कपाटात पाऊणशे फिगर. योद्धे, राक्षस, यंत्रमानव. त्यातल्या एका डोंगररक्षकाला कंपनीनं दिलेला चकचकीत नायलॉनचा झगा त्यांना मुळीच पसंत नव्हता. "धुक्याच्या रंगाचा केप पाहिजे," ते हर्षदाला म्हणाले होते. "रविवारी आमचं प्रदर्शन आहे. काम आवडलं ना, तर माझं अर्धं टेबल तुमचं. आपका माल लगाओ, आपका नाम लगाओ."

हर्षदा गेलं वर्षभर असले इवलेसे कपडे शिवत होती, रंगवत होती. कुरियरनं कुठे कुठे जायचे ते. घेणाऱ्याचा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. आपण शिवलेलं माणसं हातात घेताहेत, उलटून टीप बघताहेत, हे एकदा तरी डोळ्यांनी बघायचं होतं तिला. त्या अर्ध्या टेबलासाठी जीव नुसता फुलपात्रातल्या पाण्यासारखा हिंदकळत होता.

नवं कापड बाहुल्याच्या अंगावर पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. त्याला जुनंच हवं, झिजलेलं. तिची सासू बकुळाबाई मूळची बदलापूर गावातली. तिनं ट्रंकेच्या तळातून आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या धोतराचा शेवटचा तुकडा काढून दिला होता. धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. बाकीचं धोतर कधीच गोधडीत गेलं होतं.

"घे," ती म्हणाली होती. "मोठ्या मानसाचं धोतर, बारक्या मानसाला शेला. पण तुझ्या भावल्यांचं खूळ काय मला कळत नाय गो."

त्या तुकड्याला राखाडी रंग नुसता दाखवल्यासारखा करून हर्षदानं अस्सल धुकं आणलं होतं. शनिवारी सकाळी शेला वाळत घालून ती गळ्याशी लावायचा बारका हूक आणायला अंबरनाथला गेली. परत आली तर बकुळाबाई दारातच उभी, चेहरा उजळलेला.

"सूनबाय, बघ तरी! तुझा शेला घडी करून देवापुढं ठेवलाय."

हर्षदानं घडी उलगडली. शेल्याच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट उमटलं होतं. सासूचं बोट ते. साडीच्या पदराला शोभलं असतं. या शेल्याचा तर त्यानं अख्खा कोपराच व्यापला होता.

"आई, हे काय केलंत!"

"काय म्हंजे? नवा कपडा कोराच घालायचा का अंगाव? तुझ्या लग्नातल्या साड्यांना नव्हतं लावलं?"

हर्षदा मोरीकडे धावली. घाईत साबणाची वडी घासली, आणि पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. पाणी ओतलं, तसा तो आणखी पसरला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे वर्षभर रंगांत हात घालणाऱ्या बाईला ठाऊक का नव्हतं? होतं. पण घाबरलेल्या हाताला काही ठाऊक नसतं.

बकुळाबाई मागे येऊन उभी राहिली. तिचा उजेड विझला होता.

"त्यांच्या धोतराचा शेवटचा तुकडा," ती हळूच म्हणाली. "आनि नासवला मीच."

हर्षदानं रागानंच मागे वळून पाहिलं. एक गोष्ट तिला आत्ता उमगत होती. आईनं भावल्यांच्या खेळण्याला कधीच हळदीकुंकू लावलं नसतं. लावलं ते माणसाच्या कपड्याला. गेल्या वर्षभरात सुनेचं काम तिनं पहिल्यांदाच खरं मानलं होतं, आणि मानलं ते नेमकं आज! हर्षदाला हसूच फुटलं.

"हसते काय गो? डोकं फिरलं का?"

"आई, चला. ऊन आहे तोवर."

शेला स्वच्छ खंगाळून तिनं कडक उन्हात धरला. हळद उन्हाला टिकत नाही. दुपारपर्यंत डाग फिका होत होत, टावलीच्या डोंगरामागून सूर्य उगवायच्या आधी जशी लाली असते, तेवढाच उरला. हर्षदा त्याच्याकडे बघत राहिली. डोंगररक्षक डोंगरावर उभा आहे, धुकं आहे. मग पहाट का नसावी?

तिनं दोन वाट्यांत पक्के रंग कालवले, एकात पिवळा, एकात लाल. पण काठापासून वर विरत जाणारा रंग द्यायचा तर कापड बुडवून सतत, एका संथ चालीनं वर खेचावं लागतं. हात जरा थबकला की तिथे रेघ. आणि वाट्याही बदलायच्या, तर हर्षदाचे दोन हात पुरणार कुठे?

"मला दे," बकुळाबाई म्हणाली. तिनं शेल्याचं वरचं टोक चिमटीत धरलं, डोळे अर्धे मिटले आणि जात्यावर बसल्यागत सूर लावला.

"इवल्याशा वीराला गं, इवलासा शेला,
डोंगरामागच्या देवानं, रंग त्याला दिला..."

ओवी चढली तसा शेला चढला. ओवी उतरली तसा उतरला. कुठे थांबा नाही, कुठे हिसका नाही. हर्षदा वाट्या बदलत राहिली, बकुळाबाई ओव्या. रक्षकाला बायको मिळाली, बायकोला माहेर मिळालं, माहेर निघालं बदलापुरात! हर्षदा हसता हसता म्हणाली, "आई, सावकाश, रंग सांडेल."

मग तिनं शेला इतक्या पाण्यांतून काढला, की शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्याइतकं नितळ निघालं.

रविवारी हर्षदा सासूला घेऊन उल्हासनगरच्या हॉलमध्ये पोचली. रोहरांनी शेला हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"मैडम, मी धुकं सांगितलं होतं."

"हो. डाग पडला." हर्षदानं सगळं खरं सांगितलं, हळदीपासून साबणापर्यंत. "नको असेल तर नका घेऊ."

रोहरांनी पांढरा रुमाल ओला करून शेल्याच्या लाल काठावर दाबून घासला. रंग सुटला तर फिगरच्या अंगाला कायमचा लागतो, म्हणून ही परीक्षा. हर्षदानं सासूचा हात घट्ट धरला. रोहरांनी रुमाल उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. कोराच्या कोरा.

मग त्यांनी डोंगररक्षकाच्या खांद्यावर शेला चढवला, हूक लावला. जुनं धोतर अंगासरशी ओघळलं. खाली लाल, वर केशरी, आणि गळ्याशी पोचता पोचता धुकं.

"अरे साईं..." रोहरा स्वतःशीच पुटपुटले. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला गडी वाकून बघू लागला, त्याच्यामागे आणखी दोघं. "किसने बनाया?" त्या पोरानं विचारलं.

"ये मैडमने. और अम्माने," रोहरा म्हणाले, आणि दोन्ही हातांनी आपले यंत्रमानव टेबलाच्या एका बाजूला सारू लागले.

मोकळ्या झालेल्या जागेवर हर्षदानं एकेक कपडा मांडला. कोट, सदरे, बोटाएवढ्या विजारी. माणसं उचलून घेत होती, उलटून टीप बघत होती. ती नुसती बघतच राहिली.

बकुळाबाईचं लक्ष मात्र भलतीकडेच. ती एका दांडगट, उघड्याबंब फिगरसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"अहो शेठ, ह्या बिचाऱ्याला काय घातलंच नाय?"

"अम्मा, वो ऐसाच रहता है! उसकी बॉडी दिखनी चाहिए."

"बॉडी घरात दाखवायची. चार मानसांत आलाय तो." तिनं मागे वळून हाक मारली. "हर्षदा, टेप आन गो. ह्याचं माप घे."

रोहरा कपाळाला हात लावून हसले आणि त्यांनी तो उघडाबंब पहिलवान उचलून हर्षदापुढे उभा केला.