एकाच फ्लेक्सवर दोघं

चौकात मी ब्रेक असा दाबला की मागचा रिक्षावाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुढे गेला. एरवी मी त्याला सोडलं नसतं. पण त्या सकाळी माझी वाचाच बसली होती. समोर पानटपरीच्या वर, विजेचा खांब आणि निंबाचं झाड यांच्यामध्ये नवाकोरा फ्लेक्स ताणून बांधला होता. डावीकडे माझा भाऊ प्रशील, हातांची घडी, डोळ्यांवर गॉगल : 'पोलीस दलात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' उजवीकडे लुसी, बत्तीशी दाखवत हसणारी : 'आमच्या लाडक्या लुसी मॅडम, ब्राझील, यांना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.' खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, आणि मधोमध, उत्सवमूर्तींपेक्षाही मोठे, हेमराजभाऊ.

दुसऱ्या कुठल्याही बहिणीने फोटो काढून स्टेटसला ठेवला असता. मला दरदरून घाम फुटला. जी दोन माणसं पोलिसांना एकत्र दिसू नयेत म्हणून मी महिनाभर जिवाचं रान करत होते, ती दोघं खांद्याला खांदा लावून भर चौकात लटकत होती.

लुसी आमच्याकडे दिवाळीपासून राहत होती. धुळ्याला माझी कॉलेजातली मैत्रीण आहे, तिचा नवरा एका लहानशा चर्चचा पाळक. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेने ही स्वयंसेविका त्यांच्याकडे पाठवली होती, इंग्रजी शिकवायला आणि येशूची ओळख करून द्यायला. मी पिंप्राळ्यात मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते. मैत्रीण म्हणाली, काही महिने ठेवून घे, तुझी मुलं बोलायला लागतील. फुकटची मॅडम कोण सोडतं? वरची खोली रिकामीच होती. मी एकच अट घातली : प्रार्थना माझ्या घरात नाही. आमच्या आजोबांनी विचार करून धम्म घेतलाय, भिंतीवर बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत, तिसऱ्याला जागा नाही. लुसी हसून 'ओके' म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या आईच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून डोळे मिटून बसली.

"आई, काय चाललंय हे?"

"करू दे वं," आई म्हणाली. "तिना हात गरम शे. बरं वाटस."

आईला तिचा लळा लागला तो तेव्हापासून. रंगाने, केसांनी लुसी आमच्या भडगावच्या मावशीची मुलगी शोभली असती. भाजीवाल्या तिच्याशी बेधडक अहिराणीत बोलायच्या आणि ती मान डोलवून दुप्पट मिरच्या घेऊन यायची. हळूहळू मात्र ती मोडकंतोडकं मराठी बोलू लागली, आईची अहिराणीही तिला कळायला लागली. रविवारी ती गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनेला जायची. मी विचारायचे नाही. माझ्या मुलांची इंग्रजी भाषणाची भीती गेली होती, मला तेवढं पुरे होतं.

मग प्रशीलची पोलीस भरतीत निवड झाली, चारित्र्य पडताळणीचं पत्र आलं, आणि मला उशिरा अक्कल सुचली. मी लुसीला विचारलं, तुझा व्हिसा कसला?

"टुरिस्ट," ती म्हणाली. सरळ, डोळ्यांत डोळे घालून. संस्थेने म्हणे सांगितलं होतं, सगळे असेच जातात, काही होत नाही.

काही होत नाही! पर्यटक म्हणून आलेल्या बाईने शिकवायचं नसतं, धर्मप्रचार तर मुळीच नाही. परदेशी माणूस घरात ठेवला तर पोलिसांना कळवायचं असतं, तेही मी केलेलं नव्हतं. पकडली गेली तर लुसी तिच्या देशात परत जाईल. पण चौकशीत आमचं घर आलं की प्रशीलची नोकरी गेलीच. वडील गेल्यापासून तो पहाटे उठून मैदानावर पळत होता. दोनदा भरतीत नापास झाला, तिसऱ्यांदा पायाला फोड आलेले असताना पळाला आणि निघाला. त्या नोकरीवर आमच्या घराचा सगळा भार होता. मी ठरवलं, मुलांची परीक्षा झाली की लुसीला धुळ्याला पाठवायचं. तोवर गुपचूप. आणि ते गुपचूप हेमराजभाऊंनी बारा बाय आठमध्ये छापून आणलं होतं.

हेमराजभाऊंच्या दोन रिक्षा आहेत, मुलगी माझ्या क्लासला आहे, आणि नगरसेवक व्हायची इच्छा त्यांना केव्हापासूनची आहे. मी पोहोचले तेव्हा ते दारात दात घासत होते.

"कसा झाया मंग फ्लेक्स, ताई?"

"भाऊ, दोघांना एकत्र का टाकलं?"

"दोन फ्लेक्सना खर्चा कोन करी? एकमा दोन कामं." त्यांनी चूळ भरली. "मनी पोर आते मनासंगे इंग्लिशमा भांडस. मॅडमना बड्डे जोरमाच करना पडस ना."

"काढा तो. आत्ताच्या आत्ता."

"बड्डेना दिवशी बड्डेना फ्लेक्स काढस का कोनी?" ते हसायला लागले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. मी व्हिसा, पडताळणी, सगळं सांगून टाकलं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते बनियनवरच शिडी शोधायला धावले. पण फोटो रात्रीच मंडळाच्या ग्रुपवर पडला होता. तिथे कोणती शिडी लावणार?

घरी येईपर्यंत मागून येणारी प्रत्येक मोटरसायकल मला पोलिसाची वाटली. आमच्याच गल्लीच्या वळणावर मी पडता पडता वाचले.

घरात आई चुलीवरच्या मातीच्या खापरावर पुरणपोळ्या करत होती, लुसीच्या वाढदिवसाच्या. प्रशील शर्टाला इस्त्री करत होता.

"ताई, हवालदारसाहेबांचा फोन आला होता. पडताळणीला येताहेत, दुपारपर्यंत."

मी जिना चढून वर गेले. लुसी आरशापुढे वेणी घालत होती. आईने सकाळीच तिच्या केसांना तेल लावून दिलं होतं.

"बॅग भर," मी म्हणाले. "धुळ्याला जायचंय. लगेच."

मी तिला फ्लेक्सचं सांगितलं. पोलीस येणार हे सांगितलं. ती पांढरीफटक पडली.

"वाटेत कोणी विचारलं तर म्हण, फिरायला आले. आजच आले. इथे कोणाला ओळखत नाही."

"पण मी आज नाही आले, सपना."

"नुसतं म्हणायचं!"

"खोटं नाही बोलत मी." ती हळूच म्हणाली. "सॉरी. नाही येत मला."

हे मला माहीत होतं, आणि त्याचीच तर भीती होती. शेजारच्या कमलबाईंनी हौसेने नवी साडी दाखवली, तर ही म्हणाली, रंग चांगला नाही. मी एकदा पालकांना 'मॅडम बाहेरगावी आहेत' असं फोनवर सांगत होते, तर ही मागून ओरडली, "मी इथेच आहे!" हरिश्चंद्राचा उरलासुरला अवतार माझ्याच वरच्या खोलीत राहायला आला होता. तेव्हा मी हसले होते. आता मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं.

"तुझ्या खरेपणापायी माझ्या भावाची नोकरी जाईल, कळतंय का तुला? तू विमानात बसून निघून जाशील. आम्हाला इथेच राहायचंय."

तिने कपाट उघडलं. कपडे बॅगेत कोंबायला लागली. तिची दया यायला हवी होती मला, पण भीतीत दया कुठली? मला तिचा रागच येत होता.

मी खाली आले आणि दारात मोटरसायकल थांबली. हवालदार दुपारची वाट न पाहताच आले होते. माणूस वयस्कर, पोट सुटलेला, आवाजात घाई नाही. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली, कागद काढले. प्रशील भिंतीला पाठ लावून उभा राहिला. गुन्हा दाखल आहे का, कुठल्या मोर्चाबिर्चात होता का, व्यसन काय. तो 'नाही सर, नाही सर' म्हणत होता.

"घरात कोण कोण राहतं?"

"आई, मी आणि प्रशील," मी म्हणाले.

डोक्यावर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. हवालदारांनी वर पाहिलं.

"वर काय आहे?"

"क्लास घेते मी वर."

ते खरंही होतं. त्यांनी मान हलवली, खिशातून मोबाईल काढला, चष्मा नाकावर चढवला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. फ्लेक्स. प्रशील आणि लुसी, खांद्याला खांदा.

"आणि या बाई कोण?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातांना पुरण. प्रशील माझ्याकडे बघत होता, लहानपणी मारामारी करून आल्यावर बघायचा तसा, की ताई काहीतरी करेल. आणि बाहेरच्या जिन्यावरून पावलं खाली आली. लुसी बॅग घेऊन दारात उभी राहिली. निरोप घ्यायला आली होती बिचारी. तिने हवालदारांना पाहिलं, मग त्यांच्या हातातला फोटो पाहिला.

"मॅडम, या तुम्हीच ना?"

"हो," लुसी म्हणाली.

"इथे राहता?"

मी डोळे मिटले. आता ती खरं सांगणार. संपलं सगळं. मी कधी कुणापुढे हात जोडलेले नाहीत, पण त्या क्षणी मनातल्या मनात जोडले, कुणापुढे ते मला माहीत नाही.

"नाही," लुसी म्हणाली.

मी डोळे उघडले.

"मी धुळेला राहते. यांना... ओळखत नाही मी. फोटो लावला, मला विचारलं नाही. म्हणून या मुलाचं घर शोधत आले. सांगायला, काढा."

तिचा आवाज चिरकत होता, कान लालभडक झाले होते. इतकं वाईट खोटं माझ्या तिसरीतल्या पोरांनीही पकडलं असतं. पण हवालदार एकदम हसले.

"फ्लेक्सवाले कुणाला विचारतात का? मागच्या गणपतीत एका मंडळाने माझाच फोटो टाकला, 'मार्गदर्शक' म्हणून. साहेबांनी मला उभं-आडवं घेतलं."

मग त्यांनी तिचा पासपोर्ट मागितला. पानं उलटली, व्हिसाचं पान मोबाईलमध्ये टिपलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"टुरिस्ट. आणि लोक मॅडम म्हणतात?"

लुसी बॅगेचा पट्टा आवळत राहिली.

"धुळ्याला राहता तर आजच्या आज धुळ्याच्या ऑफिसात हजर व्हा. मी कळवतोय तिकडे. परत जावं लागेल तुम्हाला, समजून असा. आमच्या हद्दीत राहत नाही म्हणता, तर आमचा विषय नाही."

त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला, की एका पोराची नोकरी वाचवली, हे मला अजून कळलेलं नाही. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. आईकडे वळले.

"आजी, तुम्ही ओळखता का यांना?"

खापरावरची पोळी जळायला लागली होती, वास घरभर आला. आईने लुसीकडे पाहिलं. लुसी जमिनीकडे बघत होती. आईने प्रशीलकडे पाहिलं.

"नही भाऊ," आई म्हणाली. "मी नही वळखस तिले."

हवालदार लिहायला लागले. लुसीने बॅग उचलली, आम्हा सगळ्यांना मिळून एकदा "सॉरी" म्हणाली, दारात चुकून आल्यासारखी, आणि निघाली. प्रशील तिची बॅग धरू शकत नव्हता. मी तिला स्टँडवर सोडू शकत नव्हते. धुळ्याची गाडी कुठे लागते एवढंही सांगता येत नव्हतं, कारण अनोळखी बाईला ते आपण कशाला सांगू? खिडकीतून मला दिसलं, गल्लीच्या टोकाला स्टँडसाठी डावीकडे वळायचं, ती उजवीकडे वळली. मी हाक मारणारच होते. तेवढ्यात हवालदार म्हणाले, "चहा टाकलाय का ताई? साखर जरा जास्त."

मी साखर जास्त घातली. ते चहा पिईपर्यंत मी तिथे उभी होते. ते गेले, जाताना म्हणाले, "काही आक्षेपार्ह नाही, असं लिहिलंय. पेढे पाठवा." मोटरसायकलचा आवाज विरला आणि मी चावी घेऊन पळाले. स्टँडवर धुळ्याची गाडी नुकतीच सुटली होती. लुसीला फोन लावला. लागेना. घरी येऊन पाहिलं तर ती क्लासच्या ग्रुपमधून बाहेर पडली होती, माझा नंबर ब्लॉक केला होता. आमचा माग लागू नये म्हणून सगळं पुसून गेली होती, जिला खोटं बोलता येत नव्हतं ती.

प्रशील ओट्यावर डोकं धरून बसला होता. भीती सरली की मोकळं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटत नव्हतं. आई चुलीपुढे बसली होती, हातांवरचं पुरण वाळून गेलं होतं.

"भेटनी का?" तिने विचारलं.

"नाही. गाडी गेली."

"ती कधी खोटं बोले नही ना वं?"

"नाही बोलायची."

"आज आपलाकरता बोलनी."

"हो आई."

तिने बोटांवरचं पुरण नखाने खरवडलं.

"मंग मी कोनाकरता बोलनू?"

"प्रशीलकरता," मी म्हणाले. "तू तरी काय करणार होतीस? सगळं गेलं असतं त्याचं."

"व्हई," आई म्हणाली. "पन तिनी आयकं."