मिरचीच्या पोत्यांमागचा खांब

मी एक जुना खांब आहे. विसरवाडीच्या फाट्यावर मुनव्वरशेठचं मिरचीचं गोदाम आहे, त्याच्या मधोमध मी उभा असतो. उभं राहणं एवढंच मला येतं.

मित्रांनो, फळ्यांच्या साच्यात माझा जन्म झाला. रेवजी मिस्त्रीने गोणपाट गुंडाळून मला पाणी पाजलं आणि साचा काढल्यावर पाठीवर थाप मारली, "हाऊ हत्ती शे." तेव्हापासून माझ्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. हत्तीला कोण तपासतं?

मग गच्चीवरची टाकी गळू लागली. पाणी झिरपत माझ्या पोटातल्या सळयांपर्यंत पोचलं. सळया गंजून फुगल्या आणि मला तडा गेला. आता त्यात बोट जातं.

याच सुमारास धानोऱ्याच्या ललितभाऊंनी गोदामावरचा हॉल शिकवणीसाठी भाड्याने घ्यायचं ठरवलं. पण आधी इंजिनिअरकडून इमारत तपासून घेईन, म्हणाले. तपासणी म्हटल्यावर आपल्याकडे जे होतं तेच झालं. भिंतींना रंग लागला, लोंबत्या वायरी पत्र्यामागे गेल्या आणि माझ्याभोवती पोत्यांची थप्पी लागली.

मुनव्वरशेठची बायको नईमा बघत होती. "खांब झाकू नका. साहेबले दखाडा," ती म्हणाली.

"सौदा होऊ दे, मग दुरुस्त करसू," शेठ म्हणाले.

"वर पोरं बसतीन."

"पोरंस्नं वजन कितलं ऱ्हास?"

इंजिनिअर रूपचंद साहेब आले. माणूस चोख. त्यांनी गच्ची पाहिली, गटार पाहिलं, वायरींवरचा पत्राही उचकटला. शेवटी ते माझ्यापाशी थांबले. "ही पोती बाजूला करा. खांब बघायचाय."

मला वाटलं, सुटलो.

हमालाने वरचं पोतं ओढलं. ते जुनं होतं, उसवलं. लाल धुरळा उडाला आणि साहेबांना असा ठसका बसला की बोलणंच बंद झालं. सगळे डोळे चोळत रस्त्यावर पळाले. नईमाने पाणी दिलं. "साहेब, खांब दखनं बाकी शे," ती म्हणाली. साहेबांनी होकारार्थी मान हलवली. तेवढ्यात चहा आला.

"तीस वरीसथून उभा शे," मुनव्वरशेठ म्हणाले. "आते कोठे जाई तो?"

ललितभाऊ हसले. साहेबही खोकत खोकत हसले, आणि तिथेच स्कूटरच्या सीटवर तपासणीचा कागद ठेवून त्यांनी सही केली.

आता वर बाक चढताहेत. एकेक बाक सरकला की माझ्यातून चिमूटभर वाळू पोत्यांवर पडते. लाल मिरचीवर ती छान उठून दिसते. बघायला मात्र कोणी नसतं.

मित्रांनो, सोमवारी तुमची शिकवणी सुरू होते आहे. जिना चढण्याआधी एकदा माझ्याकडे या. नाकाला रुमाल बांधा आणि मोठ्यांना ती पोती हलवायला लावा. कोणी ठसक्याचं कारण सांगितलं, तर त्यांना पाणी द्या आणि तिथेच उभे राहा.

ठसका थोड्या वेळाने जातो.