डावीकडची सीट

धोंडीराम गाडीत डावीकडच्या सीटवर बसला, मुलाला स्टिअरिंगमागं बसवलं आणि त्याच्या मांडीवरून उजवा हात लांबवून ब्रेकचा दांडा गाठायचा प्रयत्न केला. दांडा पार पलीकडं, दाराला चिकटून होता. हात मुलाच्या पोटापर्यंत गेला आणि तिथंच संपला.

"न्हाय जमत," म्हणून तो खाली उतरला.

लाडलेसाब मिस्त्री तोंडात पान धरून हे सगळं बघत होता. सोलापूर स्टेशनामागच्या त्याच्या पत्र्याच्या शेडात जुन्या मोटारी विकायला उभ्या असत. गिऱ्हाईकं इंजिनाला कान लावत, टायरला लाथा मारत, काही जण नुसता भोंगा वाजवून समाधानानं घरी जात. हे गिऱ्हाईक त्याच्या अनुभवाबाहेरचं होतं.

"साब, हात का ब्रेक कायकू देखते? पाँव का है ना. इंजन सुनो. घोडे के माफिक भागतै."

"पळायचं मला सांगू नगं," धोंडीराम म्हणाला. "थांबती कशी ते सांग."

"थांबनेवाली होना तो टांगा लेओ. वो भी बिनाघोडे का."

लाडलेसाबची पोरं हसली. धोंडीरामचा मुलगा गुंडा हसला नाही. तो गाडीच्या बॉनेटवर बोटानं धूळ पुसत उभा होता. ही गाडी त्याला मनापासून आवडली होती. तिच्या आधीची आवडली होती, आणि तिच्याही आधीची.

गुंडाला अठरावं सरलं होतं. मॅट्रिकला तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा तसाच उठून आला. मोटारीची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी पास झाला. लायसन्स खिशात पडल्यापासून त्यानं एकच धोशा लावला होता. जुनी का होईना, गाडी घ्या, मी स्टेशनावरचे उतारू गावोगाव नेतो. नाहीतर मुंबईच्या एका लॉरीवाल्यानं बोलावलंय, तिकडं जातो. मुंबईचं नाव काढल्यावर त्याची आई सोनाबाई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडत ती नवऱ्याला म्हणाली, "घ्या गाडी. पोरगं डोळ्यांम्होरं तरी राहील."

मुलगा घरी राहावा म्हणून त्याला लांब जायचं यंत्र घेऊन द्यायचं, यात काहीतरी चुकतंय हे धोंडीरामच्या लक्षात आलं होतं. पण लक्षात आलेली प्रत्येक गोष्ट बायकोला सांगायची नसते, एवढं तो संसारात शिकला होता.

सोनाबाईनं वर अट घातली. "वरीसभर तुमी शेजारी बसायचं. त्येला एकट्याला गाडीत सोडायचं न्हाय."

"आन माजा नाका?"

"नाक्याला दुसरा मानूस मिळंल. मला पोरगं मिळायचं न्हाय दुसरं."

धोंडीराम अक्कलकोट रस्त्यावरच्या जकात नाक्यावर कारकून होता. गाडी दिसली की हात वर करायचा, ती थांबवायची, पावती फाडायची आणि मग शिव्या खाऊन सोडायची, यात त्याची उमर गेली होती. त्यानं साहेबाच्या मिनतवाऱ्या करून रात्रपाळी मागून घेतली. दिवसा शेजारी बसायची सोय झाली. पण नुसतं बसून काय करणार? पोरगं भरात आलं आणि समोर म्हैस आली, तर शेजारच्या माणसाच्या हाती काहीतरी हवं. म्हणून त्यानं आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं: डावीकडच्या सीटवरून ब्रेकच्या दांड्याला हात पोचेल, ती गाडी भरवशाची.

ही कसोटी जगात दुसरं कोणी वापरत नसल्यामुळं तिला उतरणारी गाडी मिळेना.

रेल्वे लाइन्स भागात एका वकिलांची गाडी विकायची होती. तिचा दांडा बरोबर मधोमध होता. धोंडीरामनं आनंदानं ओढला, तो मुळासकट हातात आला. वकिलांनी तेवढ्यात मुद्दा काढला की, गाडीचा एक भाग गिऱ्हाइकानं ताब्यात घेतला, सबब सौदा पुरा झाला. दांडा परत देऊन बाहेर पडेपर्यंत नाक्याची वेळ झाली.

"तात्या," वाटेत गुंडा म्हणाला, "तुमी गाडी बघताय का दांडा बघताय?"

"बघतुय म्हनून तुजी हाडं शाबूत ऱ्हातील."

"मग लॉरीवाल्याला काय कळवू?"

धोंडीरामनं नाक्याची वाट धरली. लॉरीवाला महिनाअखेरीपर्यंत थांबणार होता, आणि महिन्याची अखेर कोणासाठी थांबत नव्हती.

पुढची गाडी नाक्यावरच्या एका गाडीवानानं सांगितली. वळसंगच्या पुढं एका खेड्यात महादेवप्पा नावाचे लिंगायत शेतकरी होते, त्यांच्या गोठ्यात मोटार उभी होती. बापलेक उतारूंच्या सर्विस मोटारनं वळसंगला उतरले आणि पुढं उन्हातून चालत गेले.

गाडी खरंच गोठ्यात होती. एका बाजूला म्हैस, दुसऱ्या बाजूला कडब्याची गंज. महादेवप्पांनी तिच्यावर घोंगडं पांघरलं होतं.

"सिद्धलिंगप्पानं घेटली," ते कानडी हेलात म्हणाले. "माजा पोरगा. लई हौस. दोन वर्सं फिरवली. मग हुबळीला सासऱ्याच्या दुकानात बसला. सनाला पत्र येतंय. गाडी हाय म्हंटल्यावर येईल माघारी, म्हनून ठेवली हुती री."

"आन आता?"

"आता त्यानं दुसरी घेटली."

धोंडीराम डावीकडं बसला, हात लांबवला. दांडा मधोमध, घट्ट, जणू त्याच्याच हाताचं माप घेऊन बसवलेला. त्यानं तो तीनदा ओढून पाहिला. गुंडानं इंजिन उघडलं, वास घेतला, पुढं हँडल घालून फिरवलं. दुसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली आणि म्हशीनं दावं ताणलं. सेल्फची बॅटरी मेली होती, म्हणून हँडलच मारावं लागे, बाकी सगळं ठीक होतं. सौदा झाला, पैसे पोचले, नारळ फुटला. एवढं सरळ पार पडल्याचं पाहून धोंडीरामला धास्तीच वाटू लागली होती.

तेवढ्यात महादेवप्पांनी बंद केलेल्या गाडीच्या तोंडातून हँडल उपसून काढलं आणि ते घेऊन गोठ्याच्या कोपऱ्यात गेले. तिथं भिंतीतल्या खुंट्यांवर जुनी दावी ओळीनं लटकत होती. एका रिकाम्या खुंटीवर त्यांनी हँडल अडकवलं.

"मालक, ते आमचं हँडल," धोंडीराम म्हणाला.

"ते ऱ्हातंय री."

"ऱ्हातंय म्हंजे?"

"जनावर इकलं तर दावं देतोय काय कोन? घरची लक्षिमी जातीया दाव्यासंगं."

"आवं, ह्यो बैल हाय व्हय?"

"बैल न्हाय म्हनून तर भ्या वाटतंय," महादेवप्पा शांतपणे म्हणाले. "बैल वाट वळकून येकादा माघारी तरी येतोय."

 जकातीचे सगळे नियम धोंडीरामला पाठ होते, त्यात हे कलम नव्हतं. आणि पंचाईत अशी की, त्याच्या बापानं बैल विकला तेव्हा दावं सोडून घेऊन घरी आणणारा धोंडीरामच होता. त्यानं रागावून पाहिलं, विनवून पाहिलं, सौदा मोडतो म्हणून पाहिलं. महादेवप्पांनी पैसे जसेच्या तसे पुढं केले. सौदा मोडला तर लॉरीवाला होताच.

"असू द्या तात्या," गुंडा म्हणाला. "लाडलेसाब करून दील दुसरं. ढकलून चालू हुतीया. फकस्त वाटंत थांबवायची न्हाय."

दिवस कलायला लागला होता. गाडीचा कापडी टप खाली पाडला. गुंडा स्टिअरिंगला बसला. मागून महादेवप्पांचे दोन गडी, स्वतः महादेवप्पा आणि धोंडीराम. चार माणसांनी ती वेशीपर्यंत ढकलली. एकदा खोकली, गप्प झाली. परत ढकलली, परत तेच. गडी धापा टाकत म्हणाले की, आता एकदाच, मग वैरण टाकायची हाय. वेशीबाहेर थोडा उतार होता. तिथं गाडीनं एक गचका खाल्ला आणि इंजिन पेटलं.

"तात्या, बसा, बसा," गुंडा ओरडला.

धोंडीराम धोतर सावरत डावीकडून पळू लागला. दाराला हात लागला, दाराखालच्या फळीवर पाय टेकला आणि सटकला. गुंडानं त्याच्यासाठी वेग कमी केला तसं इंजिन मान टाकू लागलं. त्यानं परत थोडा वाढवला. धोंडीराम परत पळाला. मग त्याला दिसलं, पोरगं रस्त्याकडं बघतच नव्हतं. गाडी पुढं चालली होती, मान पूर्ण मागं वळलेली होती आणि डोळे बापावर होते. समोर पुलाचा कठडा होता.

धोंडीरामनं दार सोडलं.

"म्होरं बघ," तो ओरडला. "म्होरं बघ, माज्याकडं नगं. थांबू नगंस."

गुंडानं मान वळवली. गाडी कठड्याजवळून नीट गेली, पुलापलीकडं चढली आणि वेग घेऊ लागली. पोराचं डोकं आणि त्याच्या शेजारची रिकामी सीट बराच वेळ दिसत होती. मग धुरळा आडवा आला.

गडी वैरण टाकायला गेले. महादेवप्पा हळूहळू चालत येऊन धोंडीरामच्या शेजारी उभे राहिले.

"सर्विस मोटार आता सकाळीच री," ते म्हणाले. "आजच्याला आमच्याकडंच ऱ्हावा."

"पोचंल का नीट?"

"गाडी गुनाची हाय."

धोंडीरामनं टोपी काढून झटकली आणि परत घातली. दोघंही रस्त्याकडं बघत राहिले. धुरळा खाली बसला, रस्ता पुलापर्यंत मोकळा दिसू लागला.

"चला," महादेवप्पा म्हणाले. "आता आवाज बी येत न्हाय."

"येतुय," धोंडीराम म्हणाला.