हात जरा बाजूला

माझा धाकटा भाऊ जोतीराम फौजेतून नाईक होऊन आला. आटपाडीजवळच्या आमच्या गावात कुणी खोटं बोललं, की "आमच्या युनिटला असलं चालत नव्हतं" हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण मनातून मला त्याचा अभिमानही होता.

मला पलूसला दिलेली. त्याची मुलगी पूजा पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्याकडेच होती. आमच्या गच्चीवरून कऱ्हाडकडची शिकाऊ विमानं कधीमधी दिसायची, आणि पोरगी हातातली वाळवणं टाकून बघत राहायची. मी ओरडायची. नंतर ओरडायचं सोडून दिलं, कारण ती नुसती बघत नव्हती. पायलट व्हायला काय काय लागतं ते तिनं सगळं शोधून काढलं होतं.

गावात तिची फिरकी घेणारे कमी नव्हते. आमचा चुलतभाऊ भाऊसो तर दिसली की सुरूच.

"इमान उडवाय बारावी कशाला लागतीया गं? वर जाऊन काय गणितं सोडवायची हायती व्हय?"

"व्हय तात्या, सोडवायचीच असत्यात," ती म्हणायची. "वारं कुठनं येतंय, त्याल किती उरलंय. आन बारावीला फिजिक्स-गणित नसलं तर दारात सुदीक उभं करत न्हाईत."

अकरावीला ती गावी परत गेली. तिचा भाऊ पृथ्वीराज वर्षानं मोठा, पण पोरीला सोबत होते म्हणून पहिलीला दोघांना शाळेत एकदमच घातलेलं. बारावीलाही एकाच वर्गात. त्याला नौदलात जायचं होतं. मनानं चांगला, पण गणित म्हटलं की त्याला घाम फुटायचा. जोतीरामला त्याची काळजी नव्हती. "सेंटर चांगलं हाय," एवढंच म्हणायचा. आमच्याकडे सेंटर चांगलं म्हणजे तिथं कॉपी चालते.

परीक्षेच्या आधी पूजा विमान शिकवणाऱ्या एका संस्थेची निवड परीक्षा पास झाली. फीमाफीची जागा मिळाली. अट एकच, जूनअखेर बारावीचा निकाल हातात हवा आणि फिजिक्स-गणितात पास हवं. मी पलूसमध्ये अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

गणिताच्या पेपराला तिची पहिली पुरवणी भरली तशी पर्यवेक्षकानं ती उचलली. पूजा उभी राहिली. "सर, माझी पुरवणी."

"बस खाली. गावचीच पोरं हायती."

पुरवणी बाकाबाकावरून फिरली आणि शेवटी परत आली. त्यातल्या एका गणितात पूजानं घाईत २७ च्या जागी ७२ लिहिलं होतं आणि पुढं सगळं व्यवस्थित सोडवून चुकीचं उत्तर काढलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी ७२ लिहिलं. पृथ्वीराज तिच्या मागच्याच बाकावर. त्यानंही.

पेपर तपासणाऱ्याला कळायला कितीसा वेळ लागणार? सगळ्या वर्गाचा निकाल अडकला आणि सुनावणीची बोलावणी आली. मी जोतीरामबरोबर गेले. चौकशीला एक बाई होत्या, बोलायला सरळ.

"सगळ्यांचा गणिताचा निकाल रद्द होतोय," त्या म्हणाल्या. "जुलैत परत पेपर द्या. पण ही मुलगी म्हणते तिची पुरवणी जबरदस्तीनं घेतली. ते पाहिलेल्या कुणी लिहून दिलं, तर तिचा निकाल मी सोडते. मात्र लिहून देणाऱ्याच्या पेपरातही ७२ आहे, म्हणजे त्यानं कॉपी केली हे आलंच. त्याच्यावर कारवाई होईल, आणि तशी नोंद राहील."

अशी नोंद म्हणजे पृथ्वीराजची भरती संपली. ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

पूजा वळून भावाकडे बघत राहिली. पृथ्वीराजचे ओठ हलले. त्यानं बापाकडे बघितलं. जोतीराम दाराशी ताठ उभा होता, आणि त्यानं मान हलवली. नाही म्हणून.

"आमाला कायबी दिसलं न्हाई, म्याडम," पृथ्वीराज म्हणाला. "ज्यानं त्यानं आपापलं लिवलं."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "जोत्या, तुझ्या युनिटला असलं चालत हुतं व्हय रं?"

"आक्का, पोराची भरती एकदा गेली की गेली," तो खाली बघत म्हणाला. "ती हुशार हाय. जुलैला पास हुईल, पुढच्या वर्षी बघू. आन पायलट व्हायला बारावीचंच काय एवढं? तिच्या अंगात हाय ते."

पूजा मागंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

जून संपला. जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. संस्थेनं तसं कळवलं, तेव्हा पूजा भाकरी थापत होती. तिनं फोन बघितला, पालथा ठेवला आणि तव्यावरची भाकरी उलटली.

जुलैचा पेपर आटपाडीला होता. मी आदल्या दिवशीच जोतीरामकडे जाऊन राहिले होते. या सेंटरवर पुरवण्या फिरणार नव्हत्या. पण नंबर आडनावानं लागलेले, त्यामुळे पूजाच्या मागं पृथ्वीराजच. निघताना जोतीराम लेकीजवळ आला. फौजेतला माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"पूजे, तुला काय करायचं न्हाई. हात जरा बाजूला ठेव, एवढंच. भावासाठी."

"बरं," ती म्हणाली.

आम्ही फाटकाबाहेर थांबलो. पेपर सुटला तसा पृथ्वीराज धावतच बाहेर आला. चेहरा पांढराफटक.

"पप्पा, तिनं कायच लिवलं न्हाई. नुसता नंबर घातला आन बसून राहिली. तीन तास."

"आन तू?" जोतीरामनं विचारलं.

"माझा बी कोराच," पृथ्वीराज म्हणाला. त्याच्याकडे लिहायला होतं काय?

पूजा सगळ्यांच्या शेवटी आली. स्वतःच्याही वर्षावर पाणी सोडून आली होती ती. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशीही घ्यावंसं वाटलं. दोन्ही झालं नाही.

"पूजे, हे काय केलंस गं?" जोतीरामचा आवाज फुटला. "मी तुला एवढंच म्हनालो हुतो की, हात बाजूला ठेव."

"ठेवला हुता की, पप्पा," ती म्हणाली. "सगळा पेपर त्याला दिसत हुता."