कोबचा जन्मवार

"गाडी लामदुआनच्या नावावर आहे, काकू. आणि ओळखपत्रावर तर तुम्ही फिमफका."

"दोन्ही मीच."

"असं तुम्ही म्हणताय. कागद म्हणत नाही." कारकुनाने खिडकीतून फाइल परत सरकवली. "नाव बदलल्याचा दाखला आणा. सापडत नसेल तर समोर तालुका कचेरी आहे, तिथून नक्कल मिळते. तासाभराचं काम. मग देतो तुम्हाला जांभळं पुस्तक."

जांभळं पुस्तक म्हणजे गाडीचा पासपोर्ट. ते नसेल तर पुलावरून गाडी नदीपार लाओसमध्ये जात नाही, आणि निघायला तीन दिवस उरले होते. कोब बाहेर आली. तालुका कचेरी अगदी समोर होती, दारात गर्दीसुद्धा नव्हती. पण कोबने रस्ता ओलांडला नाही. ती कोपऱ्यावरच्या टपरीत बसली, बर्फ घातलेली कॉफी मागवली आणि शेवटचा खडा विरघळेपर्यंत बसून राहिली. आता जाणं रद्द, आणि दोष कागदाचा. तिला इतकं हलकं वाटलं की स्वतःची लाज वाटली, पण त्याने कॉफीची चव काही बिघडली नाही.

कोब म्हणजे बेडूक. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढी होती म्हणून आईने हे घरचं नाव ठेवलं. सरकारी नाव माणूस बदलू शकतो, घरचं नाव कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आता ती एक्कावन्न वर्षांची होती, कमरेत दुखणं, बोटांवर वाफेचे जुने चट्टे, आणि सी चियांग माय या नदीकाठच्या गावात लहानथोर सगळे तिला अजून बेडूकच म्हणत होते. पहाटे उठून तांदळाचं पीठ वाफेवरच्या कापडावर पसरायचं, पातळ पापडी काठीवर उचलून बांबूच्या जाळीवर उतरवायची, जाळ्या नदीकाठी उन्हात मांडायच्या. ढग आले की पळत जाऊन उचलायच्या, ढग गेले की पुन्हा मांडायच्या. नदीपलीकडे व्हिएन्तियानच्या इमारती रोज दिसत. आयुष्यभर ती त्या पाहत आली होती आणि एकदाही तिकडे गेली नव्हती. जाळ्या कोण उचलणार?

पण दोन महिन्यांपूर्वी आईने, एकोणऐंशी वर्षांच्या कोंगमाबाईने, एकाएकी हट्ट धरला की धाकट्या बहिणीला भेटायचं. बहीण, म्हणजे चान मावशी, लग्न होऊन नदीपार गेलेली, व्हिएन्तियानच्या पुढे पाच तास डोंगरात. बसने जाणं आईच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. रायोंगला राहणारा भाऊ फोनवर म्हणाला, "तू जवळ आहेस ना, तूच ने." लांब राहणाऱ्या भावांना हे वाक्य तोंडपाठ असतं.

तेव्हापासून कोबच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. पासपोर्टचे फोटो, आईचे पुसट झालेले बोटांचे ठसे, गाडीचा पलीकडचा विमा, काचेवर चिकटवायचं देशाचं अक्षर. आणि सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे पलीकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. शेजारचे थावीकाका, तीस वर्षं ट्रक चालवून घरी बसलेले, रोज दुपारी तिला देवळाच्या आवारात शिकवत. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून त्यांनी रस्ता आखला होता आणि समोरून येणारा ट्रक ते स्वतः व्हायचे, तोंडाने भोंगा वाजवत.

"तुझं स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडे," ते म्हणत. "पुढच्या ट्रकच्या पलीकडलं तुला कपाळ दिसणार? डावीकडच्या सीटवर जो बसेल त्याने सांगायचं, मोकळा आहे की नाही."

डावीकडच्या सीटवर आई. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

"जा, मोकळा आहे," आई पहिल्याच दिवशी ठसक्यात म्हणाली, आणि कोबने थावीकाकांच्या दोन खुर्च्या मोडल्या.

"म्हातारे, मी दिसलो नाही तुला?"

"तू ट्रक होतास ना? मला ट्रक दिसला नाही."

कॉफी संपवून कोब घरी आली तेव्हा आई सामान बांधत होती. उंबऱ्यापासून पलंगापर्यंत पिशव्या होत्या. मिरच्यांची पूड, औषधं, हुंगायची कापराची कांडी, बहिणीसाठी तीन नवे लुंगीसारखे सिन, आणि माशांच्या लोणच्याची बरणी. लाओसमध्ये ते लोणचं दारोदार मिळतं, पण आपलं ते आपलं.

"जांभळं पुस्तक नाही मिळत," कोब म्हणाली. "नाव बदलल्याचा कागद हरवलाय. आता काही होत नाही, आई. पुढच्या वर्षी बघू."

तिला वाटलं होतं आई आदळआपट करेल. आई नुसतं "बरं" म्हणाली आणि एकेक पिशवी सोडायला बसली. बरणी फडताळात गेली. सिन पुन्हा घडी होऊन पेटीत गेले. कोबने पपईची कोशिंबीर कुटली, चिकट भाताची करंडी पुढ्यात ओढली आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

तिने हात धुतले तोवर आई बिस्किटांचा गंजका डबा घेऊन आली होती. डब्यातून तिने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि कोबच्या मांडीवर ठेवला. लामदुआन या नावाऐवजी फिमफका हे नाव, बारा वर्षांपूर्वीची तारीख, शिक्का.

"हा तुझ्याकडे होता?"

"मीच तुला बदलायला लावलं होतं. मग जपून कोण ठेवणार?"

"मग आल्याबरोबर का नाही दिलास?"

"तुला बरं वाटत होतं," आई म्हणाली. "तू दोनदा भात घेतलास. म्हटलं, आधी जेवू दे हिला."

कोबला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. "दमलेय गं मी," ती म्हणाली. "खरंच दमलेय. रद्द झालं म्हणून मला आनंद झाला. कचेरी समोर होती आणि मी कॉफी पीत बसले."

"ठाऊक आहे. पण मला जायलाच हवं, आणि ते चानसाठी नाही, तुझ्यासाठी."

मग आईने सांगितलं ते असं. बारा वर्षांपूर्वी कोबचा नवरा दुसरीकडे संसार थाटायला निघून गेला, तेव्हा आई देवळातल्या थोरल्या भंतेंकडे गेली होती. त्यांनी जन्माचा वार विचारला. आई म्हणाली गुरुवार. गुरुवारच्या माणसाला नावात द आणि न वर्ज्य, आणि लामदुआनमध्ये तर दोन्ही. म्हणून त्यांनी फिमफका हे नाव काढून दिलं. एवढं कोबलाही माहीत होतं. पण दोन महिन्यांपूर्वी थावीकाकांच्या नातीचं नाव ठेवायला तेच भंते आले आणि बोलता बोलता म्हणाले की वार उजाडल्यावर बदलतो. उजाडण्याआधी जन्मलेलं मूल आदल्या वाराचं. आणि बुधवारची रात्र तर वेगळाच वार, राहूचा. त्या माणसाला फ वर्ज्य.

"तुझ्या नावात दोन फ आहेत," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "मला कोंबडा आरवलेला आठवतो. पण उजाडलं होतं की नाही ते आठवत नाही. मी अर्धी बेशुद्ध होते. तेव्हापासून बघ, पुरात जाळ्या वाहून गेल्या, तुझा हात भाजला, कंबर गेली."

"कंबर वयाने गेली, आई."

"मी पोरीला बारा वर्षं साडेसाती चिकटवली असेन तर? नाळ चानने कापली. तिला माहीत असणार."

"मग फोन करू तिला."

"ठार बहिरी आहे ती. फोनवर तिचा मुलगा विलायच बोलणार. त्याला सांगू की तुझ्या मावशीने आपल्याच पोरीचं वाटोळं केलं? मला चानच्या कानातच बोलायचं आहे."

"आणि बुधवार निघाला तर? पुन्हा नाव बदलायचं? पुन्हा गाडीचे कागद?"

"नाही गं. मग तुझी क्षमा मागायची." आईने बाहीने नाक पुसलं. "वार नक्की नसताना क्षमा तरी कशी मागणार?"

कोबने पेटी उघडली आणि सिन पुन्हा पिशवीत भरले.

सकाळी कारकुनाने दाखला उलटसुलट पाहिला, "सापडला ना शेवटी?" म्हणाला, आणि दुपारी बारापर्यंत जांभळं पुस्तक हातात दिलं. आत ताज्या शाईत लिहिलं होतं, फिमफका. कोब कचेरीबाहेरच्या बाकावर बसली. तिने आयुष्यात आईला चोरून फारसं काही केलं नव्हतं. तिने विलायला फोन लावला.

"कोबताई, निघालात का?"

"परवा निघतोय. एक काम कर. मावशीच्या कानात ओरडून विचार, माझा जन्म झाला तेव्हा उजाडलं होतं का?"

"काय?"

"विचार रे बाबा. पुढचं मागून सांगते."

विलायने विचारलं. मावशीचं उत्तर त्याने सांगण्याची गरजच पडली नाही. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, बाकावरच्या शेजारणीनेसुद्धा ते ऐकलं.

"उजाडलं कसलं! मिट्ट काळोख होता! एका हातात दिवा होता माझ्या आणि दुसऱ्या हातात ही बेडकी!"

म्हणजे बुधवारची रात्र. कोबने मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिलं. दोन फ. या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता असं नाही, आणि क्षणभर तिला भीतीही वाटली. पण मग डोळ्यांपुढे आई आली, डोंगरातल्या त्या घरात, बहिणीच्या कानाशी तोंड नेऊन, हे उत्तर ऐकणारी. पाच तास गाडी चालवून आपण तिला हे ऐकवायला नेणार? आपल्याच पायांवर तिला डोकं ठेवायला लावणार? ते तिला सहन होण्यासारखं नव्हतं.

"विलाय, मावशीला सांग, आई विचारेल तेव्हा म्हणायचं, ऊन पडलं होतं."

पलीकडे ओरडाआरडा झाला.

"खोटं बोलू? मी? पंच्याहत्तराव्या वर्षी?" मग आवाज जरा उतरला. "कोंगमा रडते का?"

"हो म्हणून सांग," कोब म्हणाली.

"मग पडलं होतं ऊन," मावशी गरजली. "पण किती वर आलं होतं ते आत्ताच ठरव, मी विसरते. आणि तुमच्याकडच्या पापड्या आण. इथल्या फाटतात."

"नारळाच्या शेंड्याला लागलं होतं म्हणावं," कोब म्हणाली. बाकावरची शेजारीण तिच्याकडे टक लावून बघत होती. कोबने तिला जांभळं पुस्तक दाखवलं, जणू त्यात सगळा खुलासा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा सराव होता. कोबची झोप नीट झालेली नव्हती, शिवाय पहाटे जास्तीच्या पापड्या काढल्या होत्या. थावीकाकांनी खुर्च्या मांडल्या, या वेळी जुन्याच. आई डावीकडच्या सीटवर पट्टा लावून ताठ बसली होती. मागे पापड्यांचे पाच गठ्ठे होते.

"एवढ्या कशाला घेतल्यास?" आईने विचारलं.

"मावशीने मागितल्यात."

बोलून गेल्यावर कोबने जीभ चावली. आई तिच्याकडे वळली.

"कधी मागितल्या?"

कोब स्टिअरिंगला धरून बसली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "काल. विलायने तिच्या कानात ओरडून विचारलं. ऊन पडलं होतं म्हणाली. गुरुवारच होता, आई."

"किती वर आलं होतं?"

"नारळाच्या शेंड्याला लागलं होतं."

आईने मान पुन्हा समोर वळवली. थावीकाका लांब उभे होते, भोंगा वाजवायच्या तयारीत.

"नारळ तुझ्या बापाने तू चालायला लागल्यावर लावला," ती म्हणाली.

कोबचे कान तापले. आईने हात लांब करून स्टिअरिंगवर ठेवला, त्या भाजलेल्या बोटांच्या शेजारी, आणि तसाच ठेवला.

"चानला सांगून ठेव," आई म्हणाली. "चिंचेच्या शेंड्याला म्हणावं. चिंच तेव्हाही होती."

"सांगते."

"म्हणजे क्षमा नको म्हणतेस."

"नको."

"तरी जायचं ना पण?"

"जायचं. एवढ्या पापड्या काढल्यात मी."

आईने डोळे पुसले, पुढे वाकली, आणि नाक काचेला टेकेपर्यंत समोर निरखून पाहिलं.

"थांब," ती म्हणाली. "तो थावी येतोय. जाऊ दे त्याला आधी."